वाचक विचारतात : ‘वक्त’मधली माणसं

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की पुढच्या वेळी १९६५ च्या ‘वक्त’ या हिंदी पिक्चरवर बोलू, काय विचारायचं ते पाठवा. प्रश्न कसले, गठ्ठाच आला. निम्म्या लोकांनी प्रश्न न विचारता नुसतं ‘चिनॉय सेठ’ एवढंच लिहून पाठवलंय, त्यांना रामराम. बाकीच्यांचे घेतो, जमतील तेवढे.

डोंबिवलीहून एक कॉलेजची मुलगी : घरी बाबा आणि आत्या सारखं ‘वक्त’ ‘वक्त’ करतात. मी पाहिला नाहीये, तीन तासांच्या वर आहे म्हणून धीरच होत नाही. थोडक्यात सांगा ना, एवढं आहे काय त्यात?

अगं थोडक्यात सांगायचं म्हणजेच पंचाईत, पण बघ. लाला केदारनाथ म्हणजे बलराज साहनी, धंद्यात बस्तान बसलेलं, बायको लक्ष्मी म्हणजे अचला सचदेव, तीन मुलगे आणि तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी. ज्योतिषी सांगतो की बाबा रे, वेळेचा भरवसा धरू नको, लालाजी ते हसण्यावारी नेतात, माणूस आपलं नशीब आपल्या हातानं घडवतो वगैरे ऐकवतात, आणि मग भूकंप. घर, दुकान, बायकामुलं, सगळ्याची क्षणात दाणादाण. थोरला राजू अनाथाश्रमात जातो, तिथला मॅनेजर (जीवन, दुसरं कोण असणार) त्याला मारहाण करतो म्हणून तो पळून जातो. मधला रस्त्यात सापडतो तो एका श्रीमंत जोडप्याला, ते त्याला घरी नेऊन पोटच्या पोरासारखं वाढवतात. धाकटा अजून कडेवरचा, तो आईजवळ राहतो पण गरिबीत. आणि बाप थोरल्याला शोधत आश्रमात पोचतो, पोराचे हाल ऐकून त्याचं डोकं फिरतं, मॅनेजरचा जीव जातो आणि हा तुरुंगात.

मग पोरं मोठी होतात आणि खरा पिक्चर सुरू होतो. थोरला आता राजा, म्हणजे राजकुमार, सुटाबुटातला चोर. मधला रवी, म्हणजे सुनील दत्त, वकील. धाकटा विजय, म्हणजे शशी कपूर, बीए झालेला पण आईच्या आजारपणापायी ड्रायव्हरची नोकरी धरलेला. राजा आणि रवी दोघंही मीनाच्या, म्हणजे साधनाच्या प्रेमात. रवीची मानलेल्या घरातली बहीण रेणू, म्हणजे शर्मिला टागोर, ती विजयच्या प्रेमात. विजय ज्याची गाडी चालवतो तो चिनॉय सेठ (रहमान) म्हणजेच राजाचा बॉस. सगळे एकाच शहरात, एकाच पार्टीत, एकमेकांसमोरून ये-जा करतायत आणि कुणालाच पत्ता नाही की समोरचा आपला सख्खा भाऊ आहे. मग एक खून होतो, आळ राजावर येतो, आणि त्याची केस लढायला उभा राहतो रवी. पुढचं सांगत नाही, तसं तुला कळलंच असेल, आणि कळूनसुद्धा बघावंसं वाटतं हीच तर त्याची खुबी आहे. इंटरव्हलला थांबव, जेवून घे, मग उरलेला बघ.

सोलापूरच्या एक आजी : त्यात आमच्या गावची शशिकला आहे ना? आणखी कोण कोण आपली मराठी माणसं होती?

आहे तर, आजी! शशिकला जवळकर, जन्म सोलापूरचा, १९३२ चा. ‘वक्त’मध्ये त्या राणीसाहेब झाल्यात, रोल छोटाच पण सगळी गडबड त्यांच्या अवतीभवती होते. खुनाचं जे रामायण घडतं त्याची सुरुवातच पार्टीत बलबीर (मदन पुरी) दारू पिऊन राणीसाहेबांच्या अंगचटीला जातो तिथून होते.

बाकी मराठी म्हणाल तर पडद्यावर दोन आया आहेत बघा. साधनाची आई लीला चिटणीस, जन्म धारवाडचा, १९४० च्या आसपास अशोककुमारबरोबर ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ करणारी तेव्हाची टॉपची हिरॉइन, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी, आणि मग हिंदी सिनेमाची कायमची आई. १९६५ मध्येच ‘गाइड’मध्ये देव आनंदची आईसुद्धा त्याच. आणि सुनील दत्तला वाढवणारी मिसेस खन्ना म्हणजे सुमती गुप्ते, दिग्दर्शक वसंत जोगळेकरांच्या पत्नी. त्यांचे मिस्टर खन्ना झालेत सुरेंद्र, ‘अनमोल घडी’वाले, नूरजहाँबरोबर गाणारे. तेव्हाच्या प्रेक्षकाला हे चेहरे बघूनच घरचं वाटायचं, त्यामुळे रवी चांगल्या घरात पडला हे वेगळं सांगायला लागलंच नाही.

पण आजी, सगळ्यात मोठं मराठी नाव पडद्यामागे आहे, कोल्हापूरच्या भानू अथैय्या. माहेरच्या राजोपाध्ये. साधनाचे ते कपडे त्यांचे.

नाशिकहून एक टेलरिंगवाली ताई : तोच प्रश्न होता माझा! साधनाचा तो घट्ट चुडीदार कुर्ता खरंच या पिक्चरमुळे फॅशनमध्ये आला का?

हो, फॅशनचा इतिहास सांगणारे सगळे इथेच बोट ठेवतात. चुडीदार-कुर्ता आधीपासून होताच, पण कुर्ता घोळदार. भानूताईंनी तो अंगाबरोबर बसवला, कुर्ता बिनबाह्यांचा, कमरेत फिट, आणि साधनाला तो असा शोभला की देशभरच्या पोरी आपापल्या शिंप्याला फोटो दाखवून ‘अस्साच’ म्हणायला लागल्या. केसांचा ‘साधना कट’ मात्र त्याच्याही आधीचा, १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’चा. भानूताईंना पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. मला विचाराल तर ‘वक्त’मधलं काम त्याहून कठीण, कारण इथे कपड्यांनीच सांगायचंय की हे नव्या पैशाचं, क्लबातलं, मोटारींचं जग आहे आणि तरी ही मुलगी घरातली वाटली पाहिजे.

सांगलीचे एक निवृत्त शिक्षक : राजकुमार हे बलराज साहनींचे पुत्र? मला ते तेव्हाही पटले नव्हते. वयाचा काही मेळ?

सर, मेळ काही नाही! बलराज साहनी १९१३ चे, राजकुमार १९२६ चे, म्हणजे बापलेकात १३ वर्षांचं अंतर. अचला सचदेव तर १९२० च्या, थोरल्या मुलापेक्षा ६ वर्षांनी मोठी आई. शशी कपूर १९३८ चा, तेवढा एकटा हिशेबात बसतो. पण याच्यावरची कडी ऐका, ‘वक्त’च्या ८ वर्षं आधीच्या ‘मदर इंडिया’त हेच राजकुमार सुनील दत्तचे वडील होते! इथे मोठे भाऊ झाले, म्हणजे प्रमोशन की डिमोशन तुम्हीच ठरवा.

तरी सर, एक बघा. पहिल्या भागात बलराज साहनी म्हातारे नाहीतच मुळी, ‘ऐ मेरी ज़ोहरा जबीं’ म्हणताना चांगले रुबाबदार, मिशांना पीळ दिलेले गृहस्थ आहेत, आणि तुरुंगातून सुटून आल्यावर तोच माणूस खांदे पाडून असा चालतो की वय मेकअपमध्ये नाही, चालण्यात दिसतं. त्यांनी पत्नीला भर बैठकीत, चारचौघांसमोर गाणं म्हणायचं आणि तिनं पदरात तोंड लपवायचं, हे गाणं मन्ना डेंच्या आवाजात आजही लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला हटकून वाजतं. हिंदीत हिरो-हिरॉइनच्या प्रेमाची गाणी पोत्यानं, पण तीन पोरांच्या आईला उद्देशून एवढं खणखणीत प्रेमगीत कितीसं सापडतं? गीतकार साहिर लुधियानवीनं लिहिलं, आणि साहिर आयुष्यभर लग्नाच्या वाटेला गेला नाही, असो.

पुण्याहून एक वाचक : कपूर खानदानाला घेऊन हा पिक्चर काढायचा होता अशी एक गोष्ट ऐकलीय, खरी की पुडी?

ती बऱ्याच वर्षांपासून सांगितली जाते, पिक्चर काढणाऱ्या चोप्रा भावांच्या गोटातूनच. मूळ बेत असा म्हणे की बाप पृथ्वीराज आणि मुलगे राज, शम्मी, शशी. दिग्दर्शक बिमल रॉयनी म्हणे तेव्हा शहाणा सल्ला दिला की अहो, सख्खे भाऊ घेतलेत तर थेटरातल्या पोराबाळांनाही पहिल्या रीळात कळेल, मग एकमेकांना ओळखत नाहीत हे कोण मानणार? चारातला शेवटी एकटा शशी राहिला. सल्ला बिमलदांचा असो वा कुणाचा, बरोबर होता. तीन भाऊ तीन वेगळ्या तऱ्हांचे वाटतात, एक तिरकस बोलणारा, एक हसतमुख, एक गप्प गप्प, म्हणून तर वेगवेगळ्या घरांत वाढलेत हे पटतं.

आणि खरे सख्खे भाऊ होते की, कॅमेऱ्याच्या अलीकडे. निर्माता बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक यश चोप्रा, कॅमेरामन धरम चोप्रा. यशजींचा हा तिसरा पिक्चर, ‘धूल का फूल’ आणि ‘धर्मपुत्र’नंतरचा, आणि पहिला रंगीत. तो रंग मिळाल्याचा आनंद फ्रेमफ्रेममध्ये दिसतो, पडदे काय, फुलं काय, गाड्या काय. पुढे ‘यश चोप्रा टाइप’ म्हणून जे श्रीमंती घर आपल्या डोळ्यांसमोर येतं त्याचा पाया इथेच पडला.

ठाण्याहून एक गाणीवेडे काका : लताबाईंचं एकही गाणं कसं नाही? आणि ‘आगे भी जाने न तू’ पडद्यावर म्हणणारी ती बाई कोण?

काका, बी. आर. फिल्म्समध्ये ‘नया दौर’पासून आशाबाईंचं राज्य, आणि संगीतकार रवींचाही आशाबाईंवर भरवसा. त्यामुळे बायकांचा आवाज म्हटला की ‘वक्त’भर आशा. पुरुषांत बरीचशी महेंद्र कपूरना, एक मन्नादांना, आणि रफीसाहेबांना फक्त ते ‘वक़्त से दिन और रात’, पण तेच अख्ख्या पिक्चरचं सार.

ती गायिका एरिका लाल. एरवी फारशी न दिसणारी, म्हणूनच छान, कारण कुणी ओळखीची नटी असती तर आपण तिच्याकडेच बघत बसलो असतो. तो सीन पुन्हा एकदा गाण्यासाठी नाही, तर गाणं कानाआड करून बघा. पार्टी चालू आहे, बाई निवांत गातेय की पुढचं तुला माहीत नाही, मागचं तुला माहीत नाही, जे आहे ते आत्ताचा हा क्षण, आणि कॅमेरा टेबलाटेबलांतून फिरतोय. प्रत्येक जण कुणाकडे तरी बघतोय आणि ज्याच्याकडे बघतोय तो तिसरीकडेच बघतोय. नजरानजर, ग्लास, सिगारेटचा धूर, संशय. संवाद नाही म्हटलं तरी चालेल, आणि तरी इथे कोणाचं कोणाशी काय आहे ते सगळं आपल्याला कळतं. खुनाआधीचं टेन्शन बाकीच्यांनी ढोल बडवून आणलं असतं, इथे ते क्लबातल्या संथ गाण्यावर आणलंय. एकसाथ दहाबारा माणसं खेळवायची म्हणजे काय हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी एवढं एकच गाणं घ्यावं.

कोल्हापूर, वर्ध्याहून आणि आणखी बऱ्याच जणांकडून : चिनॉय सेठ!!! कुणी लिहिला तो डायलॉग?

अख़्तर-उल-ईमान. उर्दूतले मोठे कवी, १९६२ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘यादें’ या संग्रहासाठी मिळालेले. आणि गंमत म्हणजे त्यांच्या कवितेत असली टाळीबाज भाषा औषधालाही नाही, अगदी साधी, कोरडी, जवळजवळ गद्य. पोटापाण्यासाठी पिक्चरचे डायलॉग लिहिले आणि तिथे मात्र ‘जिनके अपने घर शीशे के हों, वो दूसरों पर पत्थर नहीं फेंका करते’ असं लिहिलं की लोक साठ वर्षं मिमिक्री करतायत. त्यात लेखकाचा वाटा निम्मा, निम्मा राजकुमारचा, कारण कागदावर ही साधी म्हणच आहे. त्यानं ‘चिनॉय सेठ’ म्हटल्यावर जो पॉज घेतलाय ना, सगळं त्यात आहे. सुऱ्याचा सीन आठवा, बलबीर सुरा काढतो, राजा तो आरामात त्याच्या हातातून काढून घेतो आणि आवाज न चढवता सांगतो की ही पोरांनी खेळायची वस्तू नाही, हात कापला तर रक्त येतं. धमकी देताना आवाज खाली आणायचा, हे हिंदी सिनेमाला याच माणसानं शिकवलं. (जाता जाता, अमजद खान अख़्तरसाहेबांचे जावई. डायलॉगबाजी घरातच होती म्हणायची.)

कथा वेगळ्याची, अख़्तर मिर्झांची. दिग्दर्शक सईद मिर्झा आणि अझीझ मिर्झा यांचे वडील, म्हणजे ‘नुक्कड’वाल्यांचे.

नागपूरचे एक चिडलेले वाचक : माफ करा, पण योगायोगांची ही केवढी रांग! तीनही भाऊ एकाच शहरात, वकील नेमका भाऊ, साक्षीदार नेमका भाऊ. याला क्लासिक म्हणायचं? मला तर शुद्ध मेलोड्रामा वाटतो.

मेलोड्रामा आहेच हो, लपवायचं काय त्यात. आणि तुमच्या तक्रारीत आणखी भर घालतो, कोर्टाचा भाग लांबलाय, मोतीलालसारखा नट सरकारी वकील म्हणून उभा केलाय म्हणून तो निभावतो (बिचारे त्याच वर्षी जूनमध्ये गेले), आणि साधना-शर्मिलाला सुंदर दिसण्याव्यतिरिक्त कथेत काम बेताचंच. मान्य.

पण योगायोगाचं म्हणाल तर तिथे माझं मत वेगळं आहे. रहस्य म्हणून बघितलंत तर फसाल, कारण यात रहस्य नाहीच, आपल्याला पहिल्या अर्ध्या तासापासून सगळं माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्यांना. राजा रात्री रवीच्या खोलीत शिरतो तो सीन घ्या. मीना आपल्याला मिळत नाही कारण मध्ये हा आहे, तेव्हा याचा काटा काढायचा या इराद्यानं आलाय, रवी झोपलाय, आणि राजाची नजर पडते ती लहानपणीच्या एका फोटोवर. हा आपला धाकटा भाऊ. राजकुमार तिथे काहीच बोलत नाही, आणि राजकुमार न बोलता उभा आहे म्हणजे विचार करा. त्यानंतर तो मीनाच्या वाटेतून स्वतःच बाजूला होतो आणि का ते रवीला कळत नाही, मीनाला कळत नाही, फक्त आपल्याला कळतं. थेटरात तेव्हा लोक ‘अरे सांग ना त्याला’ म्हणून पुटपुटायचे ते यासाठी. योगायोग हा त्यातला दोष नाही, तो ते सगळं चालवणारा दोर आहे.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पिक्चर १९६५ चा. फाळणीला १८ वर्षं झालेली. पडद्यावर भूकंप आहे, पण हा पिक्चर ज्यांनी केला ते कोण होते बघा. चोप्रा कुटुंब लाहोरचं सगळं सोडून आलेलं, यशजींचा जन्मच लाहोरचा, बी. आर. तिथे सिनेपत्रकार होते. बलराज साहनी रावळपिंडीचे. सुनील दत्त झेलम जिल्ह्यातले. साधना कराचीची सिंधी, लहानपणीच घर सोडून आलेली. अचला सचदेव पेशावरच्या. राजकुमार बलुचिस्तानातल्या लोरालाईचा, मूळचा कुलभूषण पंडित, मुंबईत पोलिसात सब-इन्स्पेक्टर होता. साहिरनंसुद्धा लाहोर सोडलेलं. यातल्या कितीतरी जणांनी सुखवस्तू घर, ओळखीची गल्ली, नात्यातली माणसं एका झटक्यात गमावलेली किंवा गमावणारे जवळून पाहिलेले. एका रात्रीत होत्याचं नव्हतं झालं हे वाक्य त्यांच्यासाठी पटकथेतलं नव्हतंच. आणि दिल्ली, अमृतसर, आपल्या उल्हासनगरच्या थेटरात बसलेल्या किती जणांसाठी नव्हतं! ताटातूट झालेलं माणूस वर्षांनी अचानक समोर येणं ही त्यांच्या दृष्टीनं अशक्य गोष्ट नव्हती, त्याची तर ते वाट बघत होते. पिक्चरमध्ये फाळणीचा उच्चार नाही, आणि मला वाटतं म्हणूनच तो एवढा चालला. थेट दंगलीच दाखवणारा ‘धर्मपुत्र’ याच लोकांनी ४ वर्षं आधी काढला होता, तो काही चालला नाही. तिथून धडा घेतला असेल तर फार हुशारीनं घेतला.

तेव्हा नागपूरकर, पटलं नाही तरी चालेल, पण पुन्हा बघाल तेव्हा भूकंपाच्या जागी दुसरं काही ठेवून बघा.

औरंगाबादहून एक क्विझवाला : अवॉर्डं किती?

फिल्मफेअरची पाच : दिग्दर्शन यश चोप्रा, सहायक अभिनेता राजकुमार, कथा अख़्तर मिर्झा, संवाद अख़्तर-उल-ईमान, रंगीत छायाचित्रण धरम चोप्रा. बेस्ट फिल्म मात्र ‘हिमालय की गोद में’ला गेलं. आणि क्विझमध्ये विचारायला एक मस्त देतो, त्या वर्षी रवींना संगीताचं मिळालं आणि सुनील दत्तना बेस्ट अॅक्टरचंही, पण दोन्ही ‘वक्त’साठी नाही, ‘खानदान’साठी!

लंडनहून एक ताई : ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये अमरीश पुरी बायकोला ‘ज़ोहरा जबीं’ म्हणतात, ते मुद्दाम होतं का? आणि अचला सचदेव त्यातही होत्या ना?

होत्या, काजोलची आजी. ३० वर्षांपूर्वीची खरी ज़ोहरा जबीं त्याच घरात बसलीय आणि गाणं मात्र सुनेच्या वाट्याला! निर्माते यशजीच, मुलगा आदित्यचा पहिला पिक्चर, तेव्हा घरच्या गाण्याला केलेला नमस्कारच तो. आणि अमरीश पुरी कोण, तर ‘वक्त’मधला बलबीर, मदन पुरी, त्यांचा धाकटा भाऊ. अचलाबाई पुढे पुण्यातच राहिल्या, २०१२ मध्ये पुण्यातच गेल्या. संगीतकार रवीही त्याच वर्षी, मार्चमध्ये. आणि ऑक्टोबरमध्ये यशजी.

पालघरहून एक वाचक : याचा रिमेक कुणी केला नाही का?

तेलुगूत झाला, १९६९ चा ‘भले अब्बायिलु’, आणि मल्याळममध्ये १९८१ चा ‘कोळिळक्कम’, ज्याच्या क्लायमॅक्सच्या शूटिंगमध्ये हेलिकॉप्टरचा अपघात होऊन त्यांचा सुपरस्टार जयन गेला. हिंदीत सरळ रिमेक कुणी केला नाही, पण फॉर्म्युला सगळ्यांनी उचलला, १९७३ ची ‘यादों की बारात’ काय, १९७७ चा ‘अमर अकबर अँथनी’ काय. खुद्द यशजींनी ‘दीवार’ आणि ‘त्रिशूल’मध्ये दोन भाऊ घेऊन तेच पुन्हा खेळवलं, दोन्हीकडे शशी कपूर आहेच. फक्त तिथे ताटातूट भूकंपानं होत नाही, बापामुळे होते. त्यावर वेगळा अंक करता येईल, ‘त्रिशूल’वरचे प्रश्न पाठवून ठेवा.